अर्धं राहिलेलं कार्टून

सायखेड्याच्या अलीकडे मळ्यात आमचं घर. घराला आणि गोठ्याला मिळून लाइटची एकच लाइन. त्यामुळे टीव्ही आणि कडबा कापायचं कुट्टी मशीन एकदमच बंद पडायचं. मशीनमध्ये कडबा सारायचं काम आईचं. माझं काम एवढंच, की लाइट गेली की भिंतीवरचं बटण बंद करायचं, म्हणजे ती अचानक आली तरी मशीन आपोआप फिरायला नको. दहा वर्षांची घोडी झाले होते, याहून सोपं काम मला कोणी देऊ शकलं नसतं.

रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनं विनोदी कार्टून लागायचं. तापट शेतकरी आणि त्याची टोपी खाणारा बोकड. बोकड विहिरीत पडायचा, गाडीखाली चपटा व्हायचा, अंग झटकून पुन्हा उभा राहायचा. मी पोट धरधरून हसायचे.

त्या रविवारी नेमकी कार्टूनच्या वेळेला लाइट गेली. आल्यावर काही चुकू नये म्हणून मी गोठ्यातून धूम ठोकली आणि बंद टीव्हीसमोर मांडी घालून बसले. बटण डोक्यातसुद्धा आलं नाही. आईला वाटलं, मी ते रोजच्यासारखं बंद केलंय. पात्यांत कडबा अडकला होता. तो काढायला तिने हात आत घातला.

लाइट आली. पडद्यावर बोकड मळणी यंत्रात शिरला, पलीकडून त्याचे तुकडे बाहेर पडले आणि इकडेतिकडे पळू लागले. मी मोठमोठ्याने हसत होते. मशीन सुरू झाल्याचं मला ऐकू आलं होतं, खोटं कशाला सांगू? वाटलं, आईनेच चालू केलं असेल. मग वडील ओरडत वावरातून पळत आले.

आईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. नाशिकच्या दवाखान्यात वडिलांनी विचारलं, “बटण चालू कसं राहिलं?” मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माझंच ध्यान नव्हतं,” ती म्हणाली.

पुढे ती डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली. भाकरी वाकडी झाली की वडील म्हणायचे, “एवढंसं बटण बंद करता आलं नाय तुला.” मी खाली मान घालून ती वाकडी भाकरी खायचे, खरं सांगायचे नाही. मी भित्री होते. वडील गेले ते तिला बेपर्वा समजूनच.

त्यानंतर वर्षभराने माझ्या चार वर्षांच्या मुलीसाठी सीडी आणली, तर तिच्यात तेच कार्टून. आजी-नात शेजारी बसून बघत होत्या. मळणी यंत्र दिसलं तशी मी बंद करायला उठले. आईने उरलेल्या दोन बोटांनी माझं मनगट धरलं.

“बस खाली,” ती म्हणाली. “तवा तुझं अर्धंच राह्यलं. लय हसत व्हतीस, गोठ्यात ऐकू येत व्हतं.”

मी बसले. बोकडाचे तुकडे जुळले, तो नाचू लागला, मुलगी खदखदून हसली आणि आईही हसली. मला खरं सांगून टाकायचं होतं. पण आईला ते ठाऊकच होतं, आणि ज्यांना सांगायला हवं होतं, ते आता नव्हते.