वरातीतला चिखलाचा दांडा

ताईच्या लग्नाची कामं वाटली जात होती तेव्हा मी सगळ्यांच्या आधी बोलले, "जीप मी चालवते." मी सहसा आधी बोलत नाही, म्हणून काकांनी मान वर करून पाहिलं.

ताई म्हणजे काकांची मुलगी. आसेगावात घरापासून मंडपापर्यंत तिची वरात निघणार होती, काकांच्या जुन्या उघड्या जीपमधून. जीप मला चांगली चालवता येते, पण खरं कारण ते नव्हतं. आमच्याकडे वरातीत कडेला उभ्या असलेल्या मुलीला कोणी सोडत नाही. "लाजतं काय वं?" म्हणत हाताला धरून मध्ये ओढतात, आणि मग सगळे गोल करून बघत उभे राहतात. स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला मात्र कोणी ओढू शकत नाही.

ताईला जीपवर भरपूर दिवे हवे होते आणि दोन मोठे स्पीकर. मागून धूर सोडत येणारा जनरेटरचा गाडा तिला व्हिडिओत नको होता. म्हणून काकांनी कारंज्याच्या बाजारातून, इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा मोठा अल्टरनेटर आणला आणि शेलूबाजारच्या मिस्त्रींकडून बसवून घेतला. जुना नारळाएवढा होता, हा टरबुजाएवढा.

"आता अख्खं आसेगाव उजळते पाहा," काका म्हणाले.

संध्याकाळी अंगणात दिवे लावले. जीप उजळली, मग थरथरली, आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. रेस दिली की छान चालायची, पाय काढला की आवाज खाली खाली जात विझायचा. वरातीत गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. प्रत्येक गाण्याला अशी विझली असती तर नवरी अंधारात बसली असती.

"असं असन त मी जनरेटरवाल्यालेच सांगतो," काका वैतागून ताईला म्हणाले. "तू कारमधी बसजो. जीप राहू दे."

मग माझं काय, हे मी विचारलं नाही. पण ताईनं माझ्याकडे पाहून उत्तर दिलं, "बरं झालं. मंग तू माह्यासमोर नाचजो."

दुसऱ्या दिवशी मी काकांबरोबर शेलूबाजारला गेले. मिस्त्री म्हणजे काकांचे जुने मित्र. "डिझलमधी कचरा असन," म्हणून त्यांनी फिल्टर साफ केला, पाइपातली हवा काढली. इंजिन सुरेख चालू लागलं. आम्ही घरी आलो, संध्याकाळी दिवे लावले, जीप बंद.

पुन्हा शेलूबाजार. पुन्हा भर दुपारी गाडी घड्याळासारखी चालली. "भाऊ, तुमच्या अंगनातच काही दोष आहे," मिस्त्री म्हणाले. मी जीपला टेकून उभी होते. गॅरेजमध्ये दिवसाउजेडी कोणी दिवे लावतच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. ते सांगायला मी मनात वाक्य तयार करत होते. आधी ते इंग्रजीत आलं, मग मराठीत, पण ते मराठी गॅरेजात शोभणारं नव्हतं. तोवर मिस्त्रींचं डोकं बॉनेटमध्ये गेलं होतं आणि काका मठ्ठ्याच्या पिंपांबद्दल बोलायला लागले होते. शेवटी मी हात आत घातला आणि दिव्यांचं बटण दाबलं.

इंजिन बसायला लागलं.

"कोनं हात लावला?" मिस्त्री आतूनच ओरडले.

"मी. दिवे लावले." आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"बंद करा."

बंद केले. आवाज वर आला.

"लावा."

पुन्हा खाली गेला. मिस्त्री डोकं बाहेर काढून हसायलाच लागले. "अरे बाप्पा! भाऊ, डिझल-गिझल काही नाही. दिवे लावले का हा टरबूज इंजिनाले मांगं ओढून राह्यला. याचं स्लो वाढवा लागन."

गाडी नुसती उभी असताना इंजिन ज्या संथ चालीनं फिरतं, तिला गॅरेजात स्लो म्हणतात. मिस्त्रींनी अल्टरनेटरचा पट्टा ताणून घेतला आणि स्लोचा स्क्रू किंचित फिरवला. सगळे दिवे, दोन्ही स्पीकर लावले. इंजिन जरासं दबलं आणि पुन्हा सावरलं.

"मालूम होतं त कालच काहून नाही सांगितलं?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"इंग्लिश शाळेतली आहे ते," काका म्हणाले. "बोलाच्या आंधी पेपर सोडवते."

घरी येऊन वरातीची तालीम केली. ताई जीपपुढे नाचत चालली आणि मी पहिल्या गिअरमध्ये मागून निघाले. स्लो वाढल्यामुळे जीप आता रेस न देताही झपझप चालत होती. बंपर ताईच्या टाचांपाशी पोचला. ब्रेक दाबला तर इंजिन धडपडायला लागलं, क्लच अर्धा दाबून धरला तर जळका वास आला.

"अवं, वरात आहे, यष्टी पकडाची नाही!" ताई ओरडली.

स्लो कमी केलं तर दिवे गाडी बंद पाडणार, आहे तसं ठेवलं तर नाचणारे चिरडणार. काकांनी खिशातून फोन काढला. जनरेटरवाल्यालाच लावणार, हे दिसत होतं.

जीपला गिअरशेजारी आणखी छोटे दांडे आहेत. त्यातल्या एकाला आमच्या घरात चिखलाचा दांडा म्हणतात. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर चाकं रुतली की काका तो ओढतात, आणि मग इंजिन जोरात फिरतं पण जीप इतकी हळू चालते की कोंबड्या पुढे निघून जातात. या वेळी मी वाक्य तयार करत बसले नाही. गाडी थांबवली आणि दांडा ओढला.

दिवे लख्ख, इंजिन खुशीत, आणि चाकं मुंगीच्या चालीनं. ताई दोनदा गिरकी घेऊन मागे वळली तरी बंपर हातभर लांबच होता. चारही चाकांना जोर असल्यामुळे वळणावर स्टिअरिंग जड झालं, पण मंडपाच्या वाटेवर वळण एकच होतं. काकांनी फोन खिशात ठेवला.

वरातीच्या संध्याकाळी मी मजेत होते. मागे ताई गॉगल लावून उभी, पुढे सगळे नातेवाईक धुळीत नाचत होते, आणि मी दोन्ही हातांत स्टिअरिंग धरून सुरक्षित बसले होते. ते एकुलतं वळणही निभावलं. पुढचा रस्ता सरळ होता. जीप आपली आपण चालली होती.

ते ताईनंही पाहिलं. ती वाकून माझ्या कानाशी ओरडली, "गाडी त सोताच चालून राह्यली! तू कायले बसली? उतर!"

"पण चालवायला कोणी..."

"सरक बेटा," शेजारून चालणारे काका म्हणाले. "एवढं त मी झोपेतबी चालवन." मला उतरावं लागलं, आणि दोन आत्यांनी दोन्ही दंड पकडले.

मागे पाहिलं तर काका एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात हवेत नाचवत होते. मी नाचत नाचत बॉनेटच्या अगदी पुढ्यात जागा धरली. तिथून स्पीकरखालचा इंजिनाचा आवाज येत होता, आणि तो कुठे अडखळतो का ते मला ऐकायचं होतं.

व्हिडिओत मी मान तिरकी करून, डोळे मिटून नाचताना दिसते. ताई तो सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, "पाहा, कशी गाण्यात रंगली होती!" मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.