डेलियाची सहा आठवड्यांची नोटीस

अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावर आमचं कॉटर क्रीक गाव वसलं आणि वर्षभरात तिथं 'सिग्नल' नावाचं साप्ताहिक निघालं. बातम्यांची कुणाला पडली होती! सरकारी जमिनीवर चौदा महिने राहिलं की ती नावावर व्हायची, पण त्याआधी जवळच्या वर्तमानपत्रात सलग सहा आठवडे नोटीस यावी लागे. खाली साक्षीदार म्हणून चार शेजाऱ्यांची नावं. त्यातल्या दोघांनी जमिनीच्या कचेरीत जाऊन, हा माणूस खरंच इथं राहिला, असा जबाब द्यायचा. त्या नोटिशींच्या पैशांवरच 'सिग्नल' चालायचा.

मालक सहा महिन्यांतच पळाला. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्या डेलिया प्रुइटनं छापयंत्र आपल्या नव्या जमिनीवरच्या झोपडीत आणलं. तिचे चौदा महिने सगळ्यांच्या मागून सुरू झाले. इकडे जमीन नावावर झाली की लोक ती विकून चालते होत. म्हणजे ही बाई स्वतःच्या हातानं एकेक शेजारी गावाबाहेर काढत होती, आणि तिला ते कळत होतं.

शेवटी तिची स्वतःची नोटीस लागली. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन साक्षीदार गेले. उरलो म्हातारा बेकर आणि मी.

"इंगा, तू तरी हलू नकोस गं बाई."

"मी कुठं पळतेय?"

"सगळे हेच म्हणायचे. त्यांच्या नोटिशी मीच छापल्यात."

आठवडा चुकला किंवा जबाबाला दोघं हजर नसले की पहिल्यापासून सुरुवात, म्हणून तापातही ती यंत्रापाशी उभी राहिली. सहाव्या आठवड्यात आमची जमीन विकली गेली. नवऱ्यानं, नील्सनं, ओरेगॉनची तिकिटंच आणली.

"तिच्या जबाबाला नऊ दिवस आहेत," मी म्हटलं.

"घर परवा सोडायचंय. तोवर झोपणार कुठं? तिच्या छापखान्यात?"

'हो' म्हणायला हवं होतं. मी भांडी बांधायला घेतली.

तिला सांगायला गेले तेव्हा ती खिळे पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. तुझ्या जागी असते तर मीही गेले असते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

महिन्याभरानं ओरेगॉनला टपालानं 'सिग्नल' आला. तिची नोटीस पुन्हा पहिल्या आठवड्यापासून होती. साक्षीदार चार हवेत, नाव बेकरचं एकट्याचं. गावच्या बातम्यांत एकच ओळ: 'इंगाबाई सुखरूप पोहोचल्या असतील, अशी आशा आहे.'

त्यानंतर अंक आला नाही.