माझ्या हातची निरगाठ

ओढली की सुटते ती सुरगाठ आणि जन्मात सुटत नाही ती निरगाठ. एवढं मला ठाऊक आहे. अडचण अशी की मी निरगाठ म्हणून जी मारतो ती दुपारपर्यंत आपोआप सुटते. मी बांधलेली म्हैस गावभर हिंडून येते. धुणं वाळत घालायची दोरी मी बांधली की बायकोला तेच धुणं परत धुवावं लागतं. साडूच्या पोरीच्या लग्नाला जाताना टमटमच्या टपावर ट्रंक मी बांधली होती; ती गंगाखेडच्या अलीकडं एका मोटारसायकलवाल्यानं मागून आणून दिली. तेव्हापासून घरात दोरी हातात घेतली की बायको म्हणते, "ऱ्हाऊ द्या, तुमी फक्त धरा."

यंदा उन्हाळ्यात लेक बाळंतपणाला आली आणि मी आजोबा झालो. आमचं घर राणीसावरगावच्या बाजूला, शेताच्या कडेला. विटांच्या भिंती, वर पत्रे, पत्र्याखाली लोखंडी अँगल. पत्रे वाऱ्यानं वाजतात म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले. आमच्याकडं घरात लेकरू आलं की झोळी अँगलालाच बांधतात. दुसरीकडं कुठं बांधावी, हा विचारच कुणाच्या डोक्यात येत नाही. मी जाहीर केलं की नातीची झोळी मीच बांधणार.

स्टुलावर चढलो, बैलाचा जुना कासरा घेतला आणि बायकोचं मऊ झालेलं लुगडं त्यात अडकवून अँगलाला वेढे द्यायला लागलो. खाली बायको मान वर करून उभी.

"दोनदा फिरवा."

मी चारदा फिरवला. गाठीवर गाठ मारली. मग स्वतः लोंबकळून दाखवलं. अँगल कुरकुरला, गाठ हलली नाही.

"बघू," ती म्हणाली, "दुपार तर होऊ द्या."

दुपार झाली, आठवडा झाला, महिना झाला. गाठ टिकली. तरी नातीला झोळीत घातलं की बायको खाली चौघडी गोधडी अंथरायचीच. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो.

त्या दिवशी जेवणं झाली होती. नात झोळीत झोपलेली. आभाळ एका बाजूनं तांबूस काळं व्हायला लागलं. मे महिन्यात असं होतंच. थोडी धूळ उडते, चार थेंब पडतात, आंबे गळतात. मी दारात उभा राहून लेकीला म्हणालो, "आता गार होईल बघ." माझा हवामानाचा अंदाज माझ्या गाठींसारखाच असतो.

वारा आला तो पायरीपायरीनं आलाच नाही. एकदम आला. अंगणातली खाट उलटी होऊन गोठ्यावर जाऊन आदळली. लाईट गेली. पत्रे थडथडायला लागले, वरचे दगड सरकल्याचा आवाज आला, आणि कुणी हात लावला नसताना झोळी हलायला लागली.

"पोरीला काढ आधी!" बायको लेकीवर ओरडली. "बाबांची गाठ हाय ती!"

मला त्या गडबडीतही राग आला. "काऊन? पक्की हाय गाठ. महिना झाला."

"तुमचा महिना झाला, गाठीची दुपार व्हायची हाय अजून. काढ गं!"

लेकीनं नातीला उचललं. मोरीवर तेवढा स्लॅब आहे, पाण्याच्या टाकीसाठी घातलेला. बायकोनं आम्हांला तिथं ढकललं. चार जीव, एक बंब आणि दोन बादल्या. लेक उपड्या बादलीवर बसली, बायको तिच्यावर ओणवी झाली आणि मी दाराला पाठ लावून उभा. नात रडत होती. तिचं तोंड दिसत होतं, आवाज ऐकू येत नव्हता, एवढा बाहेर गोंगाट. मी मात्र मनात गाठीचाच विचार करत होतो. खोटं कशाला सांगू? वादळ थांबलं की यांना बाहेर नेऊन दाखवायचं, बघा, सुटली का? असं ठरवत होतो.

मग काहीतरी फाटल्यासारखा, ओरबाडल्यासारखा आवाज झाला. आणि पत्रे वाजायचे थांबले.

दाराखालच्या फटीतून उजेड आला.

"लाईट आली," मी म्हणालो आणि दार उघडलं.

लाईट आली नव्हती. घरात आभाळ आलं होतं. पाऊस सरळ पलंगावर, टीव्हीवर, पिठाच्या डब्यावर पडत होता. भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. मी वर बघत राहिलो. आपल्या घरात उभं राहून ढग पळताना दिसतात, हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

"बाबा," मागून लेक म्हणाली, "झोळी कुठंय?"

जिथं झोळी होती त्याच्या खालच्या गोधडीवर पत्र्यावरचा एक दगड पडला होता. बायकोनं तो बघितला. मग वाकून दगड बाजूला केला आणि ओली गोधडी घडी घालायला लागली. घालतच राहिली.

पाऊस ओसरला तसा बांधापलीकडचा शेजारी धावत आला. चिखलानं भरलेला. दाराची चौकट धरून उभा राहिला.

"दादा, तुमचा अँगल... आमच्या लिंबात अडकलाय." त्यानं बांधाकडं हात केला. "झोळी हाय त्याला. मी वर चढलो. आत बघितलं. मोकळीच हाय. लेकरू... आजूबाजूला सगळं धुंडाळलं दादा, लेकरू सापडना."

लेक नातीला घेऊन पुढं आली. त्यानं बघितलं आणि तो तिथंच चिखलात बसला. मोठा दांडगा माणूस, हुंदके देऊन रडला.

मी त्याच्या कडुलिंबापाशी गेलो. पत्रे कागदासारखे चुरगळलेले, अँगल वाकलेला. सिमेंट सुटलं होतं, हुक सुटले होते, नटबोल्ट सुटले होते. लुगडं पिळा पडून खाली लोंबत होतं, आणि वर माझी गाठ जशीच्या तशी. ओढून बघितली. नख घालून बघितली. दातानं बघितली. शेवटी शेजाऱ्याच्या विळ्यानं कापली.

पुढचे दिवस ताडपत्रीखाली गेले. ज्वारी वाळत घाल, कपाट वाळव, फोन चार्ज करायला दुसऱ्या गावाला जा. बघायला येणारी माणसं आधी वर बघायची, मग नातीकडं. लेक नातीला खाली ठेवेना. एका हातानं जेवायची, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. आई म्हणाली "दे इकडं", तर नाही. मी हात पुढं केला, तर नाही. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की पोरीला छातीशी आवळून मोरीत जायची.

आणि बायको मला बोलेना. म्हणजे बोलायची, पण टोमणा मारेना. मी बांधलेली म्हैस सुटली, तिनं गुपचूप जाऊन परत बांधली. इतकी वर्षं ज्या टोमण्यांचा वैताग केला ते बंद झाल्यावर मला धडकी भरली. ताडपत्री बांधायला आणलेली नवी दोरी मी कोपऱ्यात तशीच ठेवली.

एकदाची रेंज आली आणि विहीणबाईंचा फोन लागला. लेकीच्या हातात नात, म्हणून फोन स्पीकरवर.

"झोळीत नव्हती का गं पोर?"

"न्हाई आत्याबाई."

"देवानंच सुचवलं बग उचलायचं."

लेकीनं नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "देवाचं काय म्हाईत न्हाई. गाठ बाबांनी मारली होती ना, म्हणून उचललं."

इकडं बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आधी खांदे हलले, मग ती हसायला लागली. हसता हसता पिठाचाच हात डोळ्यांना लावला आणि मग नुसतीच रडली. लेकही तशीच, हसते का रडते कळेना. विहीणबाई फोनवर "काय झालं, काय झालं" करायल्या.

फोन ठेवून लेकीनं नातीला माझ्यापुढं धरलं.

"धरा जरा, बाबा. दोन्ही हातांनी जेवून घेते."

मी मांडी घातली, घेतलं. नात भुकेजलेल्या तोंडानं माझ्या गुंडीशी झटायला लागली.

चुलीपाशी बायको ओरडली, "नुसतं धरा! बांधू नका कुठं!"