पोदेर म्हणणारी पात

स्पॅनिशमध्ये 'पोदेर' म्हणजे शकणं, जमणं. आता बघा गंमत. मी शकते, पुएदो. तू, पुएदेस. तो, पुएदे. मधला 'ओ' फुटून त्याचा 'उए' झालेला. आणि 'आम्ही'वर आलं की एकदम पोदेमोस! 'तुम्ही', पोदेइस. 'ओ' जसाच्या तसा, काही झालंच नाही अशा थाटात. लगेच 'ते' म्हटलं की पुएदेन, परत फुटला. ऑनलाइन क्लासात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मोबाईलवरच ओरडले, "अहो मॅडम, एक काय ते ठरवा की!" मॅडम हसल्या. म्हणाल्या, हे कुणी बसून ठरवलेलं नाही; लोक शेकडो वर्षं बोलत गेले आणि तसं होत गेलं. माझ्या अंगावर काटा आला. कुठलीकुठली माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडात तो 'ओ' नेमका त्याच जागी फुटतो!

थक्क होणं वेगळं आणि पाठ होणं वेगळं. पाठ काही होईना. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली. पास झाले तर पुण्याच्या एका ऑफिसात काम मिळणार होतं, नापास झाले तर क्लास बंद. आमचे हे तसं आधीच बोलून चुकले होते.

त्यात लावणीचे दिवस. हिरडोशीत आमची भाताची लावणी सावडीनं होते, आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. सावड चुकवली तर गावात तोंड दाखवायला नको. मग मी लावता लावताच पुटपुटायला लागले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, शेजारच्या पातीत, म्हणजे लावणीच्या पट्ट्यात होत्या. म्हणाल्या, "काय गं, कुनाला शिव्या देतीस?" मी सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "येकटीनं कशाला म्हनायचं? आमी हाय की!"

आम्ही सहाजणी ओळीत होतो आणि रूपंही सहा. एकेकीनं एकेक घेतलं. पहिल्या पातीवरून 'पुएदो' निघायचं, वाकल्या वाकल्या पुढं सरकायचं, पाचव्या पातीत आत्या ठणकावून 'पोदेइस' म्हणायच्या आणि माझ्यावर 'पुएदेन' येऊन संपायचं. परत पहिल्यापासून. रोपं चिखलात जातायत, आम्ही मागं मागं सरकतोय आणि सातासमुद्रापलीकडची भाषा आमच्या ओळीतून चाललीय! मला तर भरूनच आलं.

परीक्षा नेमकी आमच्या खाचराच्या दिवशी आली. रेंज येते ती तिथल्या बांधावरच. हात धुऊन मोबाईल धरून उभी राहिले. परीक्षक बाईंनी आधीच बजावलं, कुणी मदत केली तर परीक्षा रद्द. मग म्हणाल्या, "वोल्वेर. परतणे. वर्तमानकाळ."

वुएल्वो, वुएल्वेस, वुएल्वे, वोल्वेमोस... आणि गाडी अडली. पुढचं सुचेचना. तेवढ्यात खाचरातून खणखणीत आवाज आला, "पोदेइस!"

अरे देवा! एक तर मदत, तीही भलत्याच क्रियापदाची. असा संताप आला म्हणता! पलीकडून बाई थंडपणे म्हणाल्या, "कोण आहे तिथे?"

"सासूबाई," मी म्हटलं. खोटं काय बोलणार? फोन वळवून खाचर दाखवलं.

बाईंनी पडद्याजवळ येऊन खाचर नीट बघितलं. मग म्हणाल्या, "हे उत्तर धरणार नाही. एकच संधी देते. दोर्मिर, झोपणे. आणि त्यांना शांत राहायला सांगा."

सांगायची वेळच आली नाही. आत्यांनी चिखलाचा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. ओळ थांबली होती. भर लावणीत सगळ्याजणी हातात रोपं घेऊन ताठ उभ्या, माझ्याकडे बघत. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत सुरू केलं. दुएर्मो. दुएर्मेस. दुएर्मे. चौथीवर आले आणि 'ओ' आपणहून नीट बाहेर पडला, दोर्मिमोस. पाचव्या जागी आत्या. त्यांचे डोळे एवढे मोठे झालेले. दोर्मीस. दुएर्मेन.

"झालात पास," बाई म्हणाल्या.

मी ओरडले. बाया ओरडल्या. आत्यांचा हात मात्र तोंडावरून निघेना. खाचरात उतरून मीच तो ओढून काढला, तर त्या रडत होत्या.

"तुझं वाटुळं केलं आसतं म्या," त्या म्हणाल्या. "पर शेजारनीची पात मागं पडली की आपुन हात लावतो ना गं? तू थांबलीस, मला ऱ्हावलंच न्हाई."