जावयाच्या हातातलं घड्याळ

वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात थोरलीची उमेदीची वर्षं गेली. वडिलांची नजर अधू झाली तशी खुर्ची तिच्याकडे आली, आणि डोळ्याला भिंग चिकटलं ते चिकटलंच. लग्न राहून गेलं. त्याचं मला काही वाटत नाही, असं ती सांगायची. तिला हवं होतं ते वडिलांच्या मनगटावरचं क्रोनोग्राफ, बटण दाबून मिनिटं-सेकंद मोजणारं घड्याळ. कितीदा तरी तिने ते उघडून, पुसून, तेल देऊन पुन्हा बसवलं होतं. ते आपल्यालाच मिळणार, हे ती धरूनच चालली होती.

वडिलांनी ते धाकटीच्या लग्नात जावयाला दिलं.

जावई रंगाच्या दुकानात कामाला, स्वभावाने गरीब. नाव ठेवायला त्याच्यात जागाच नव्हती, आणि थोरलीला राग होता तो त्याचाच. धाकटीला नवरा मिळाला, घर मिळालं, वर्षाच्या आत दिवसही गेले, आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, घड्याळही तिच्याच घरात. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका रविवारी जावईबापूंनी सगळ्यांसमोर घड्याळ लावून अंडी उकडली. ऐटीत वरचं बटण दाबलं, मधला लांब काटा धावू लागला. "झाली दहा मिनिटं," म्हणत त्यांनी भांडं उतरवलं. अंडी फोडली, तर पिवळा बलक ताटभर पसरला. सगळे हसले, कोंबडीला बोल लावून मोकळे झाले. थोरलीला मात्र नेमकं कळलं होतं. वरचं बटण मोजणी चालू करतं आणि थांबवतं. काटे पुन्हा शून्यावर आणायचे तर खालचं बटण दाबावं लागतं, आणि या गृहस्थांनी ते कधी दाबलेलंच नव्हतं. आधीची मिनिटं तशीच राहायची, नवी त्यांत मिसळायची. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण थोरलीने तोंडात मिठाची गुळणी धरली, आणि परतताना वाटभर तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पुढे एका दुपारी ती धाकटीकडे डोकावली. धाकटी खिडकीचे गज धरून उभी होती, आणि जावई कागदावर आकडे टिपत होता.

"या ताई, घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला. "कळा सुरू झाल्यात, पण त्यांच्यातलं अंतर वाढत चाललंय. आधी आठ मिनिटं होतं. मग पंधरा, मग एकवीस, आता सव्वीस. आज काही होत नाही."

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावरच्या आकड्यांची मनात वजाबाकी केली. आठ, सात, सहा, पाच.

"खालचं बटण दाबलंत का?"

"त्याचं काय काम असतं?"

"अहो, सगळ्यांची बेरीज वाचताय तुम्ही. गाडी बोलवा आधी."

गाडीत धाकटीला धरून बसताना थोरलीचा जीव टांगणीला लागला होता. बाळाला काही झालं तर ते त्या अंड्यांच्या दिवशी आपण गप्प बसलो म्हणून होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नशिबाने दवाखाना जवळ होता.

"अगदी वेळेत आणलंत," नर्स म्हणाली. "आत एकालाच सोडू. नवरा कोण?"

जावयाने मनगटावरचं घड्याळ सोडून थोरलीच्या हातात ठेवलं. "ताई, हे तुमच्याकडेच राहू दे. कायमचं. मला नाही जमत ते." आणि तो आत गेला.

थोरली बाकावर बसली. आई लवकर गेलेली. गुडघा फुटो, दात पडो, परीक्षेत नापास होवो, धाकटीच्या तोंडी एकच हाक असायची, 'ताई'.

दाराआडून किंकाळी आली. "अहो," धाकटी ओरडत होती, "अहो, हात सोडू नका."

घड्याळ थोरलीच्या मुठीत होतं, आणि त्या माणसाचा एवढा हेवा तिला आजवर कधीच वाटला नव्हता.