कपाशीच्या फुलाची वेळ

खिडकीतल्या वाटीत कपाशीचं एक फूल ठेवलं आहे. सकाळी ते सायीसारखं पांढरट होतं. आता उतरत्या उन्हात कडेकडेने गुलाबी होत चाललं आहे. खुडल्यावरही ते आपला दिवस पुरा करतं आहे.

वाटीशेजारी कागद आहेत. पिकांच्या नव्या वाणांची पारख कशी करावी, याचे जगभर चालणारे नियम सुधारले जात आहेत. माझ्यासारख्या निवृत्त परीक्षकांचंही मत मागवलं आहे. जुन्या नियमात ‘पाकळीचा रंग’ एवढंच होतं. तो कोणत्या वेळी पाहायचा, ते नव्हतं.

मला मात्र ते ठाऊक होतं. तरी नोकरीत असताना, माझ्या मित्राने, दिनकरने तयार केलेल्या कपाशीच्या वाणाची पाहणी करायला मी दुपारी जेवून, सावकाश गेलो. आजची पांढरी आणि कालची गुलाबी फुलं एकाच झाडावर डुलत होती. ‘रंगात एकसारखेपणा नाही,’ असं मी लिहिलं आणि नियमाआड लपलो. वाण नाकारला गेला.

माणसंही आपण अशीच पाहत असू, आपल्या सवडीच्या वेळी.

आज मी एक ओळ सुचवली : रंग फूल उमलल्या दिवशी, सकाळीच पाहावा. मग दिनकरला फोन करून सगळं सांगितलं.

“परसात चार झाडं आहेत अजून त्या वाणाची,” तो म्हणाला. “ये बघायला. पण या वेळी जेवून येऊ नकोस.”