मॉली पुढे येईना

नाही दादा, मी इथे परदेशात मजा मारायला आलेलो नाही. बर्फातला फोटो तुलाच हवा होता, मुलीकडच्यांना दाखवायला! ग्रुपवरची मंडळी, तुम्हीही ऐका आज काय झालं ते.

सकाळी कडक ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. मी कामाला आहे त्या फार्मवरची मेंढ्या राखणारी कुत्री, मॉली, तिला घेऊन मागच्या डोंगरावर चढलो. बॉस नेहमी सांगतो, "मॉली थांबली की तूही थांब, मेट." मेट म्हणजे दोस्त, इथे सगळ्यांना तसंच म्हणतात.

वरच्या बर्फाच्या उताराशी मॉली बसली. ओढलं, बिस्किट दाखवलं, तरी हलेना. "बस मग इथेच, भित्री कुठली!" म्हणत एकटाच पुढे गेलो. कॅमेरा दगडावर ठेवला, केस सारखे केले. तिचं भुंकणं थांबेचना, म्हणून चिडून तिला गप्प करायला मागे आलो.

तेवढ्यात पोतं आपटल्यासारखा धप्प आवाज झाला. वळून बघतो तर मी उभा होतो तो अख्खा उतार खाली चालला होता, कॅमेऱ्यासकट. मग सगळं शांत. ऊन तसंच.

मी कुठे गेलोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही तरी सांगून जाता का?

दादा, आईला यातलं काही बोलू नकोस. तिने विचारलंच तर एवढंच सांग, पोरगा उद्या तीनशे डॉलर पाठवतोय.